खंडेनवमीची मोटर

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्र चालवत नाहीत. पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. या रिवाजाच्या घाईत मी बाबांना गमावलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बाबांनी अकोल्यात जिनिंग कारखान्यातल्या जळालेल्या मोटरी रिवाइंड करण्यात जन्म काढला. कापसाच्या धुळीने फुफ्फुसं गेली तेव्हा ते गावी, वलगावला परतले, ऑक्सिजनच्या मशीनवर जगू लागले. ते चालायचं विजेवर, आणि वीज दिवसातून चारदा जायची. मग खाटेवर पडल्या पडल्या मला राबवून त्यांनी अंगणात जनरेटर उभा केला. जिनिंगमधली जुनी मोटर, पट्ट्याने डिझेल इंजिनाला जोडलेली.

"मोटरले तिच्या चालीपेक्षा जोरात पळवलं का ते वीज खात नाही, देते," ते सांगायचे. "डोंगरावरच्या पवनचक्कीत बी हेच असते. पण तिथं चुंबक लाइनीतून भेटते. आपल्याले लोखंडात उरलेल्या चुंबकावर भागवा लागते, कपॅसिटर ते वाढवते. म्हणून पहिले लोड काढ, जोडलेलं सारं बंद कर, मंग इंजिन बंद कर. नाही तं तेवढं बी चुंबक जाते." रोज ऐकून माझे कान किटले होते.

त्या सकाळी जनरेटरवर बाबांचं मशीन आणि विहिरीचा पंप, दोन्ही चालू होते. मग गेलेली लाइन आली. मी बाबांचं मशीन लाइनवर घेतलं. आई आरतीचं ताट घेऊन उभी. "बंद कर ते आता, निवद थंडा होऊन राहिला!" मी इंजिन बंद केलं. पंपाचं बटण मागाहून आठवलं, तेव्हा बंद केलं.

"लोड काढला होता ना?" बाबांनी आतून विचारलं.

"हो," मी म्हणाले. सणाच्या दिवशी बोलणी खायची नव्हती.

दुपारी लाइन पुन्हा गेली. इंजिन फिरलं, पण जनरेटरवरचा बल्ब लागेना. घरातला ऑक्सिजनचा जादा सिलिंडर भरायला अमरावतीला गेलेला. बाबा धापा टाकत सांगत होते, "चुंबक तं हाये... वायरी पाह्य... कपॅसिटर पाह्य." माझ्या शब्दावर विसंबून ते बिघाड शोधत होते आणि मी, खरं माहीत असून, लाजेपायी वायरी चाचपत राहिले. किती मिनिटं, देव जाणे.

"बाबा, पंप चालूच होता," शेवटी मी रडत म्हटलं.

ते रागावले नाहीत. बोटाने दाराबाहेरची स्कूटर दाखवली. मी इंजिन थांबवलं, गेलेलं चुंबक परत आणायला स्कूटरची बॅटरी काढून मोटरच्या तारांना क्षणभर टेकवली, पुन्हा हँडल मारलं. बल्ब लागला. मशीन घुरघुरू लागलं. बाबांचं बोट अजून स्कूटरकडेच होतं, श्वास मात्र थांबला होता.

आई अजूनही विजेलाच दोष देते. दर खंडेनवमीला त्या मोटरीला माळ घालताना विचारते, "त्या दिवशी आपलं काही चुकलं नव्हतं ना माय?"

मी नाही म्हणते.