वाळवण नावाचा ग्रह

"थांबा ने, बाई. उजेड येतोय."

मी दारात पाऊल ठेवलं की त्या मागे न बघता हात वर करायच्या. संगणकाच्या पडद्यावर कुठल्यातरी ग्रहाच्या डोंगरामागून सूर्य वर येत असायचा. तो हवा तितका आला की त्या फोटो काढायच्या आणि मग वळून विचारायच्या, "चहा ठेवू?"

बडोद्यात फतेगंजच्या एका शाळेत आम्ही दोघी बरोबर शिकवायचो. त्या भूगोल, मी मराठी. त्यांचा नवरा गेला, पाठोपाठ सासूबाईंनी अंथरूण धरलं, तशी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. तरसालीच्या दोन खोल्यांत सासूसुना दोघीच राहायच्या. जन्मभर मुलांना हिमनद्या आणि वाळवंटं शिकवणाऱ्या या बाई स्वतः बडोद्याबाहेर फारशा गेल्याच नव्हत्या. धाकट्या बहिणीने घरातला जुना संगणक दिला, त्यात अंतराळात फिरायचा एक खेळ होता. बाकीचे लोक त्यात लढाया करतात म्हणे. या यान घेऊन फिरायच्या, दुर्मीळ ग्रह शोधायच्या आणि त्यांचे फोटो काढायच्या.

सतत अर्ध्यावर उठावं लागणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. यान उतरायला लागलं की आतून हाक यायची. कूस बदलायची, चादर बदलायची, पेज भरवायची. परत येईपर्यंत ग्रहावर वादळ सुटलेलं असायचं. "जाऊ दे, उद्या," म्हणून बाई खुर्चीत नुसत्या बसून राहायच्या.

पुढे त्यांनी संगणक सासूबाईंच्या खाटेशेजारीच हलवला. "एवढ्या लांब आणलंस, आणि माणूस एक नाही," म्हातारी कुरकुरायची. पण बघत राहायची.

एका दुपारी मी तिथे असतानाच त्यांना दोन सूर्यांचा ग्रह सापडला. तांबूस, सपाट जमीन, आभाळभर लख्ख ऊन. सगळ्यात आधी पोचणाऱ्याला ग्रहाचं नाव ठेवता येत होतं. बाई सासूबाईंकडे वळल्या.

"आई, बघा, दोन सूर्य आहेत. काय नाव ठेवू?"

सासूबाईंनी बराच वेळ निरखलं. "दोन? मग पापड दुपारपर्यंत वाळतील."

बाई हसत हसत खाटेच्या कडेला बसल्या. ग्रहाचं नाव पडलं 'वाळवण'. मग कुठे काय पसरायचं यावर दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता सासूबाई गेल्या. आता बाई मोकळ्या झाल्या, असं सगळेच म्हणाले, मीही. आम्हा निवृत्त शिक्षिकांची हिमाचलात स्पितीला सहल निघत होती. मी त्यांना विचारायला गेले.

"खरे डोंगर बघायला मिळतील, बाई."

"कळतंय हो." त्या गुडघ्याला तेल लावत होत्या. "पण आता कुठे जावंसं वाटत नाही. फार दमलेय मी. आणि त्या ग्रहांवर निदान आई बोलायच्या तरी."

संगणकावर चादर टाकलेली होती.

थंडीत बहीण त्यांना नाशिकला न्यायला आली. स्टेशनवर डब्यात सामान लावून झालं. गाडी सुटायला थोडा वेळ होता, म्हणून मी पाण्याची बाटली आणायला उतरले. परत आले, तर बाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. बहीण उठवायला वाकली. मी खुणेनेच नको म्हटलं, बाटली त्यांच्याजवळ ठेवली आणि खाली उतरले.

गाडी हलली, तरी त्या जाग्या झाल्या नाहीत.