लाल झग्याच्या शिवणी

"अम्मी, सगळे तेच बघतात. तूच एकटी काय शहाणी?" मिसबाह म्हणाली.

"मीही बघितलंय. आठच्या आठ भाग. म्हणून तर डोकं उठलंय," सकीनानं कैची टेबलावर ठेवली.

तासभर हेच चाललं होतं. असोद्याच्या एका शाळेच्या संमेलनात बारा पोरं नाचणार होती, टीव्हीवरच्या लाल झगेवाल्या वीराच्या पोशाखात. पोशाख नव्या मालिकेतलाच हवा होता. ऑर्डर सकीनाच्या नवऱ्यानं, रहीमनं घेतली होती. कापड अजून जसंच्या तसं घडीत होतं.

जळगावात बावीस वर्षं सकीना शाळांचे पोशाख शिवते. पडद्यावरचं चित्र थांबवायचं, जवळ जाऊन शिवणी मोजायच्या, मगच खडू हातात घ्यायचा. या वीराची पहिली मालिका तिनं अशीच पाहिली होती. त्यात झगा फाटला की पुढच्या भागात तिथे रफू दिसायचा. कुणीतरी खरंच सुई धरून बसलं होतं.

"या नव्या झग्याला शिवणच नाही, कॉम्प्युटरवर काढलेला," ती म्हणाली. "गळा आत्ता बंद, घटकेत उघडा. वारा नसताना झगा उडतो. अन् सगळा अंधार. एकदाही धड उजेडात उभा राहिला नाही मुडदा."

"मेलेलाच होता तो, मागच्या मालिकेत. हा दुसऱ्या विश्वातला, त्याच्यासारखाच दिसणारा. ते कळायला आधी दुसरी एक मालिका बघावी लागते."

"तीही बघितली. तिच्यात तिसरीचा पत्ता दिला. तो मेला तेव्हा मी रडले होते, मिसबाह. आता येऊन विनोद करतोय."

रहीमनं इस्त्री उभी केली. "पोरं दोन मिनिटं नाचणार. शिवणी कोण मोजतंय?"

"मी मोजते. त्यांनी अंदाजानं उरकलं म्हणून मीही उरकू? चुकलं तर लोक मालिकेला नाही, सकीनाच्या हाताला नावं ठेवतील."

"शाळेचे जीवराम सर काम दुसरीकडे नेतील. मग पुढच्या वर्षीही नाही येणार."

"नेऊ देत."

"आधी त्यांच्याशी बोलून तर घे."

"सकाळीच बोलले," सकीना म्हणाली आणि मशीन झाकून टाकलं. "त्यांना सांगितलंय, पहिल्या मालिकेतला पोशाख हवा असेल तर मापं पाठवा, नाहीतर दुसरा शिंपी बघा. नव्यातलं या घरात काही शिवलं जाणार नाही."