सगळ्यांना विचारलं, मला नाही

आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांशी भाव करून दाखवील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे. हे मी म्हणतो, आणि मी कोण? बैलबाजारातल्या दलालाचा मुलगा. आठवडी बाजारात पोत्यावर जुनी गाइडं मांडून धंद्याला सुरुवात केली आणि कॉलेजच्या फाटकासमोर स्वतःचं पुस्तकांचं दुकान उभं केलं. प्रकाशकापासून ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत कोणाचाही पहिला आकडा मी आजवर मान्य केलेला नाही. पण ग्रंथपाल सर माझ्या पहिल्याच आकड्याला "बरं" म्हणायचे. नुसतं "बरं". चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. मग पंचाईत माझीच. आकडा कमी तर सांगितला नाही, या शंकेनं जेवण गोड लागत नसे. आणि जास्त सांगितला असेल, तर तोंडही वाकडं न करणाऱ्या माणसाला लुटल्यासारखं वाटे. शेवटी मीच होऊन बिलावर सूट लिहायला लागलो. एकदा वैतागून म्हणालो, "सर, थोडी तरी घासाघीस करत जा ना जी. तुम्ही काहीच म्हणत नाही, तर मले धंदा केल्यासारखंच वाटत नाही." ते म्हणाले, "दोन्हीकडून तुम्हीच बोलता ना भाऊ. मी कायले मधात पडू?"

नवं शतक लागायच्या बेतात होतं तेव्हा ते आमच्याकडे आले. उंच, किडकिडे, चालताना एका बाजूला कललेले, जणू काखेत कायम एक अदृश्य पुस्तक धरलेलं. बिचाऱ्यांची पहिली काही वर्षं कार्डं लावण्यात आणि पोरांना गप्प करण्यात गेली. मग कुठल्याशा अनुदानातून कॉलेजला कॉम्प्युटर आणि एक स्कॅनर मिळाला आणि माणूस हातातून गेला. विदर्भाच्या पूर्व टोकाच्या या झाडीपट्टीत जे जे म्हणून लिहिलं गेलं, ते जगातल्या कोणालाही, कुठूनही, फुकट वाचता आलं पाहिजे, असं त्यांनी ठरवून टाकलं. प्राध्यापकांचे कपाटात झोपलेले प्रबंध, इटियाडोह धरणाच्या कालव्यावर भूगोलाच्या मास्तरांनी गावोगाव फिरून लिहिलेला अभ्यास, शाळांच्या स्मरणिका, लग्नातल्या मंगलाष्टकांची पुस्तकं, दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, खेळांच्या चोपड्या, सगळं त्या काचेवर पालथं पडू लागलं. सालेकशाच्या जंगलातल्या तेंदूपत्ता मजुरांवरचा एक प्रबंध त्यांनी कॉलेजच्या नेटवरच्या संग्रहात चढवला आणि काही दिवसांनी रस्ता ओलांडून जवळजवळ पळतच माझ्या दुकानात आले.

"भाऊ, आपला तेंदूपत्ता ब्राझीलमध्ये कोणीतरी उघडला."

"मग? पैसे दिले काय?"

"नाही."

"मग एवढे खुश कायले होऊन राहिले?"

"उघडला ना जी," ते म्हणाले, आणि माझ्याच स्टुलावर बसून माझाच चहा प्यायले.

त्यांनी कॉलेजचं एक संशोधनाचं नियतकालिकही नेटवर काढलं. वाचणाऱ्याला फुकट, लिहिणाऱ्यालाही फुकट. त्या काळात मास्तर लोकांना बढतीसाठी लेख छापून दाखवावे लागत, आणि पैसे घेऊन काहीही छापणारी दुकानं जागोजागी निघाली होती. त्यामुळे फुकट छापणाऱ्यावर कोणाचा विश्वासच बसेना. एक प्राध्यापक माझ्या दुकानात येऊन हळूच विचारू लागले, "सर पैसे घेत नाहीत म्हणजे नक्की बोगस काम असेल, नाही?" त्यांनी धीर करून लेख दिला, तर सरांनी तो दोनदा परत केला, समासात बारीक शिसपेन्सिलीनं प्रश्न लिहून. प्राध्यापक लालबुंद. "फुकट तर फुकट, अन् वरून नखरे." सर शांतपणे म्हणाले, "पैसे घेतले असते तर तुमचं ऐकावं लागलं असतं."

हा फुकटपणाचा नाद कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्यांचे वडील मजुरी करायचे, पण वस्तीत वाचता येणारे तेवढेच. संध्याकाळी विहारासमोर बसून ते सगळ्यांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. पेपर एक, ऐकणारी अख्खी वस्ती. "पेपर कोणी घेतला, हे कोणी विचारत नव्हतं," सर म्हणाले. "वाचला की तो सगळ्यांचा."

पण याच माणसाची दुसरी तऱ्हा अशी, की लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय ते एक पान चढवत नसत. सारं जग न विचारता एकमेकांचं उचलत होतं, माझ्या शेजारचा झेरॉक्सवाला अख्खी पुस्तकं छापून विकत होता, आणि हे गृहस्थ बारा पानांच्या चोपडीच्या परवानगीसाठी पॅसेंजर पकडून जात. लिहिणारा वारला असेल तर त्याच्या मुलांकडे, मुलं भांडलेली असतील तर प्रत्येकाच्या वेगळ्या चुलीपर्यंत. त्यात त्यांचा एक नियम होता. ज्याच्याकडे परवानगी मागायची, त्याच्या घरचं पाणीसुद्धा आधी प्यायचं नाही. खाऊन-पिऊन मागितलं की समोरच्याला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणायची मोकळीक नसेल तर त्या 'हो'ला काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात दारी आलेल्यानं पाणी नाकारणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तरी ते नाकारत.

एकदा सालेकशाकडच्या शाळांत मला गाइडं टाकायची होती, म्हणून त्यांना गाडीवर मागे बसवून नेलं. तिकडे दंडारीचे खेळ लिहिणारा एक म्हातारा शेतकरी होता. धानाची मळणी चालली होती. म्हाताऱ्यानं खाट टाकली, सुनेनं पाण्याचे दोन गडवे आणले. मी घटाघटा प्यायलो. सरांनी गडवा बाजूला ठेवला.

"पानी घ्या ना जी."

"आधी काम सांगतो, मग घेतो."

"काम पळून नाही जाऊन राहिलं. पानी घ्या."

"नाही बाबाजी, आधी तुम्ही ऐका."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "काऊन? आमच्या घरचं पानी चालत नाही काय तुमाले?"

मी सरांकडे पाहिलं. ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बाबाजी, आमच्या घरात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या बाजूनं ऐकलं, तुमचं पाणी चालत नाही म्हणून. माझ्या आज्याला आज हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं." म्हाताऱ्याला समजायला क्षण लागला. मग तोही खाली मान घालून हसला आणि म्हणाला, "द्या, कुठं सही करू? अन् मग मुकाट्यानं जेवून जा." त्या दिवशी सर इतके जेवले की परत येताना गाडी मागून दबत होती.

आता माझं दुखणं सांगतो. मीसुद्धा एक पुस्तक लिहिलं आहे. लहानसंच आहे. बैलबाजाराची बोली. माझे वडील पंचाखाली हातात हात धरून, बोटं दाबून सौदे करायचे. बघणाऱ्याला आकड्याचा पत्ता लागत नसे. ती बोटांची भाषा, बैलाच्या शिंगांना, रंगांना, खोडींना असलेले शब्द, दलालांचे आपसातले गुप्त आकडे, हे सगळं वडील गेल्यावर मी म्हाताऱ्या दलालांकडे बसून लिहून काढलं. बाजार तेव्हाच ओसरायला लागले होते. पुस्तक मीच छापलं, माझ्याच दुकानात ठेवलं. कॉलेजातल्या विद्वानांनी ते हातात घेऊन मागून-पुढून पाहिलं आणि खाली ठेवलं. मॅट्रिक नापास माणसाचं पुस्तक, एवढंच त्यांना दिसलं असणार.

मला वाट होती ग्रंथपाल सरांची. ते विचारतील, आपण आधी नाही म्हणू, मग बघू म्हणू, मग अटी घालू: नाव ठळक पाहिजे, मुखपृष्ठ रंगीत पाहिजे, वडिलांचा फोटो पहिल्या पानावर पाहिजे. शेवटी द्यायचंच होतं. पण सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो, हे मी वडिलांच्या मांडीवर बसून शिकलेलो. त्यामुळे मी आपणहून बोलणं शक्य नव्हतं. मी पुस्तक गल्ल्याजवळ अशा बेतानं उभं करून ठेवलं, की स्टुलावर बसलेल्याला ते दिसलंच पाहिजे. सर रोज यायचे, बसायचे, चहा प्यायचे, पुस्तकाकडे बघायचे आणि ब्राझीलच्या गोष्टी सांगायचे. दर जूनला मात्र लायब्ररीसाठी त्याची एक प्रत विकत घेत. "मागची पोरांनी वाचून फाडली." मी म्हणायचो, "घेऊन टाका सर, संपतच आलं आहे." ते म्हणायचे, "बरं."

त्या मंगलाष्टकवाल्याला विचारलं. आमच्याकडच्या प्रतापगडच्या दर्ग्याच्या वाटेवर भजनांची चोपडी विकणाऱ्याला विचारलं. मला नाही. मग एके दिवशी ते आले, बसले, आणि पुढे केलेला चहा त्यांनी हातानं बाजूला सारला. म्हटलं, आली वेळ. गिऱ्हाईकाला हाकललं, गल्ला बंद केला, चेहरा कडक करून बसलो.

"बोला सर."

"काय बोलू?"

"चहा नाही घेतला तुम्ही."

"हो ना भाऊ," ते खिन्न होऊन म्हणाले, "डॉक्टरनं साखर बंद केली."

त्या दिवशी मी दुकानातल्या कामगारापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी भांडलो.

यथावकाश सर निवृत्त झाले. जमवलेल्या सगळ्याची एक प्रत त्यांनी आधीच बाहेरच्या एका विद्यापीठाच्या संग्रहात पोचवून ठेवली होती, त्यामुळे ते टिकलं. पण कॉलेजात त्यात नवी भर पडणं थांबलं. ती खोली परीक्षेच्या उत्तरपत्रिकांना दिली. मी प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन टेबलावर हात आपटून आलो. ते म्हणाले, "तुमचा काय संबंध?" तोच तर माझा सवाल होता.

सर मुलीकडे रायपूरला कायमचे राहायला निघाले, तेव्हा मी भेटायला गेलो. सामान बांधलेलं होतं. बसायला पुस्तकांचं खोकं. मला राहवलं नाही.

"सर, अख्ख्या जिल्ह्याची दारं वाजवली. माझ्या पुस्तकाचं काऊन नाही विचारलं?"

ते चकित झाले. "तुम्हाला? कसं विचारणार भाऊ? मास्तरांना पगार आहे, शेतकऱ्याला धान आहे. तुमचं पोट पुस्तकं विकून भरते. तुमच्या दारात येऊन 'पुस्तक फुकट द्या' म्हणायला मला लाज वाटली असती."

"अरे, पण ते विकलं जाते कुठं?"

"जाते ना. दरवर्षी तुम्हीच म्हणायचे, संपत आलं आहे."

तो धंद्याचा शब्द होता. तो शब्द कोणी खरा मानत नाही, हे बाजारात उभ्या असलेल्या बैलालाही कळते. त्यांनी मानला. गठ्ठा माझ्या माळ्यावर जसाच्या तसा होता, आणि खप म्हणजे ते स्वतः.

मी म्हणालो, "मग आता विचारा."

ते हातातल्या सुतळीची गाठ मारू लागले. "आता कोणत्या तोंडानं विचारू? ठेवायला संग्रहच आता माझ्या हातात नाही. घेऊन घरी नेण्यासाठी मी कधी कोणाला मागितलं नाही." मुलगी आतून म्हणाली, "बाबा, काकांना चहा देऊ का?" मी नको म्हणून उठलो. मला राग आला होता, आणि तो कोणावर ते नीट ठरत नव्हतं. रायपूरला गेल्यावर दुसऱ्या वर्षी ते वारले. मुलीनं फोन करून सांगितलं.

मी अजूनही म्हणतो, विचारायला पाहिजे होतं. लाज त्यांची, नुकसान माझं, हा कुठला हिशेब?

मध्यंतरी एका अनोळखी मुलीचा फोन आला. कुठल्याशा विद्यापीठात बाजारांच्या भाषेवर संशोधन करते. सरांनी चढवलेल्या एका प्रबंधाच्या तळटिपेत तिला माझ्या पुस्तकाचं नाव सापडलं होतं. नेटवर खूप शोधलं म्हणाली, कुठंच नाही. मी दुकानाच्या पायरीवर उन्हात बसून मोबाइलवर एकेका पानाचा फोटो काढून तिला पाठवला. अर्ध्या पानांत माझा अंगठा आला. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन.

"काका, सगळं वाचता येतंय. एक विचारायचं होतं. हे आमच्या विद्यापीठाच्या संग्रहात सगळ्यांसाठी खुलं ठेवलं तर चालेल का? तुमची परवानगी असेल तरच."

आधी 'नाही', मग 'बघू', मग अटी, सगळं माझ्याजवळ तयार होतं. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"ठेवा," मी म्हणालो.

"विचार करून सांगा काका, घाई नाही."

"विचार करून लई दिवस झाले बाई."

ती हसली, आभार मानले, फोन ठेवला. उत्तर देऊन झालं, एवढं खरं. ज्यांनी मागावं म्हणून ते राखून ठेवलं होतं, त्यांना मात्र ते कधी ऐकायला मिळालं नाही.