लाल माती किती पिते

भागुबाई चिकोडीकडची. लग्न होऊन बेंगळुरात आली, पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथच्या खडखडाटात एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत चिकटली आणि बावीस वर्षं माती चाळत राहिली. चाळायच्या आधी प्रत्येक नमुन्याची चिमूट ओली करून अंगठ्यावर मळायची. वहीत त्याला रकाना नव्हता, म्हणून कुणी विचारायचं नाही.

पुण्याची शिवानी आली ती गणित घेऊनच. वाळू, गाळ, चिकण किती आणि माती किती घट्ट बसलीय, एवढे आकडे दिले की पाणी तासाला किती मुरेल ते संगणक सांगायचा. जागेवर लोखंडी कडं ठोकून, पाणी ओतून दिवस घालवायला नको. मालक दयानंद हरखला. कडी गोदामात गेली.

मग जे. पी. नगरातल्या एका सोसायटीचे नमुने आले. तिथं पावसाचं पाणी जिरवायला चौदा शोषखड्डे घ्यायचे होते. संगणक म्हणाला, तासाला दोन मिलिमीटर. म्हणजे खड्डे रद्द, पाणी गटारात.

"ह्यो अहवाल पाठवू नगा," भागुबाई दारातनंच म्हणाली. "माती मी मळून बगितलीया. ही पानी पिनार."

"अक्का, चिकण बेचाळीस टक्के आहे," शिवानी म्हणाली. "आणि गणित सहाशे नमुन्यांवर बसवलंय."

"ठावं हाय की. सहाशेच्या सहाशे मीच चाळल्यात. विजापूर-बागलकोटची काळी माती ती. पानी लागलं की फुगून बसती, थेंब खाली सोडत न्हाई. ही लाल. हिचं चिकण बारक्या कण्या धरून ऱ्हातंय. आपण औषधात घुसळून कण्या फोडतो, तवा बेचाळीस येतंय. जमिनीत कोन घुसळाय बसलंय?"

दयानंदला हसू आलं. "स्वल्प दमानं, अक्का. उद्या कडं ठोकू. पण पाणी उभं राहिलं, तर सोमवारपासून तू गोदामात पिशव्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या. मातीला हात लावायचा नाही."

 भागुबाईच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. तेवढी वर्षं माती न मळता काढायची म्हणजे जितेपणी हात कापून ठेवायचे.

"सरी, चालंल," ती म्हणाली. आवाज मात्र खणखणीत.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत दयानंदनं नळ जवळ म्हणून फाटकापाशीच कडं ठोकलं. पाणी ओतलं. अर्धा तास गेला, पाणी हाललं नाही.

"बघ, तळं झालं!" दयानंद म्हणाला.

 भागुबाई खाली बसली, कड्याशेजारची माती नखानं उकरली. पापुद्रा निघाला, चपातीसारखा. वर चाकाची नक्षी.

"सायेब, टँकर रोज हितं वळतोय, माती दाबून बसलीया. नमुना आनला आंब्याखालनं आन् कडं ठोकलं फाटकात! लेकीचं माप सासूच्या अंगावर घेताय व्हय?"

शिवानी फिसकन हसली. नमुन्याची जागा तिनं कागदावर बघितली आणि कडं उचललं.

आंब्याखाली तीन जागी कडं ठोकलं. पाणी ओतलं की घटाघटा खाली. शिवानी पट्टीवर वाचत होती, परत भरत होती, परत वाचत होती. वेग एका ठिकाणी स्थिरावला तेव्हा तिनं आकडा दोनदा तपासला. तासाला एक्कावन्न मिलिमीटर. बाकी दोन ठिकाणी अठ्ठेचाळीस आणि पंचावन्न.

"मातीची जात गणितात घातलीच नव्हती मी," ती म्हणाली. "लाल मातीचं गणित नव्यानं मांडते. पण नमुने गोळा करायला तुम्ही पाहिजे, अक्का."

दयानंदनं मान खाजवली. "खड्डे होणार. अहवालात लिही, जागेवरची चाचणी भागुबाईची. आणि यापुढं लाल मातीचा कुठलाही अहवाल हिनं माती मळल्याशिवाय बाहेर जायचा नाही." पँटचे पाय दुमडून त्यानं स्वतःच बादली उचलली.

भागुबाई पदर खोचून आंब्याला टेकली होती.

"ओता, सायेब, ओता. अजून पितीया!"