चुन्याचे गोटे

बालाघाटच्या स्टँडवर कटंगीच्या बसचा कंडक्टर मला हाक मारून म्हणाला, "भाऊ, तुमचे उरकुडामामा गेले. काल माती झाली." मी हातातला चहा तसाच ठेवला. सख्खा मामा गेल्याचं दुसऱ्या दिवशी परक्याकडून कळावं, ही शिक्षा मीच कमावलेली होती... कित्येक वर्षं मी त्यांच्या घरी जाणं टाळत आलो होतो.

मामा एका मँगनीजच्या खाणीवर गोल्फच्या मैदानाचे माळी होते. गोरे साहेब मागे ठेवून गेलेलं नऊ खड्ड्यांचं मैदान. मामांनी खेळायची काठी कधी हातात धरली नाही, पण मैदान असं राखलं की बघत राहावं. गवत गावच्या शेळ्या पाळीपाळीने चरायच्या, लेंड्यांचं खत आपसूक मिळायचं. खड्ड्यांभोवती वाळू असे. ती उडू नये म्हणून इतर मैदानांवर जळकं तेल ओतत. मामा रोज दोनदा तळ्याचं पाणी शिंपडत. "तेल जमिनीच्या पोटात जाते रे," म्हणत. आणि टिटवी! लोक तिला अशुभ मानतात, पण तिची अंडी दिसली की मामा भोवती चुना लावलेले नऊ-दहा गोटे मांडत. त्या गोलात चेंडू गेला तर साहेबानेही तो सोडून द्यायचा, हा मामांचा कायदा. साहेब हसत, पण पाळत.

मग नवे साहेब आले. त्याच वर्षी हुमणी अळीने गवताची मुळं खाल्ली आणि मैदान पिवळं पडलं. साहेबांनी कीडनाशक पावडरीची पोती मागवली. मामांनी साफ नाही म्हटलं. मी तिथेच स्टोअरबाबू म्हणून नुकताच लागलो होतो. साहेबांनी मला बोलावून बजावलं, मामाला समजाव, नाहीतर दोघंही घरी बसा.

आमच्याकडे भाचा कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो, त्याचा शब्द खाली पडू देत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि निर्लज्जपणे मी तेच वापरलं.

"किडे मेले त पाखरू खाईल काय?" मामांनी विचारलं.

"मामा, भाचा मांगून राह्यला तुमाले."

त्यांनी वाकून माझ्या पायांना हात लावला आणि पोतं उचललं.

दोन दिवस त्यांनी हाताने पावडर टाकली. गोट्यांच्या गोलात मात्र चिमूटभरही पडू दिली नाही. सगळ्या मैदानात विष आणि मध्ये चार हात जागा स्वच्छ... तेवढ्याने भागेल असं त्यांना मनापासून वाटलं. पण टिटवी चरायला गोलाबाहेरच जाणार. मरत पडलेले किडे ती टिपत राहिली. आठवड्याच्या आत नर-मादी दोन्ही मेलेली सापडली, अंडी गोलात तशीच. मामा शेजारी उकिडवे बसले होते. मला पाहून म्हणाले, "म्या गोटे त मांडले होते ना रे..."

गवत हिरवं झालं, साहेब खूश झाले, मी नोकरीत पक्का झालो. मामा मला कधी वाकडं बोलले नाहीत. भेटलो की पूर्वीसारखेच पाया पडत. तेच मला सोसेना, म्हणून मी बदली मागून घेतली.

तेरवीला मामीने खाटेखाली बोट दाखवलं. गोटे ओळीने मांडलेले, चुना पांढराशुभ्र.

"दर फागुनात चुना लावत. म्या म्हणो, काहून लावता, ते पाखरू त आता येत नाही. त म्हणत, आलं त?"

मामीने ते पिशवीत भरून माझ्या हातात दिले. परवा मी ते घेऊन मैदानावर गेलो. शेळ्या नाहीत, वाळूवर जळक्या तेलाचा काळा थर. सकाळपासून दुपारपर्यंत बसलो, टिटवी एकदाही बोलली नाही. गोटे कुठे मांडावेत, कळेना. परत घेऊन आलो, आणि आता ते माझ्या खाटेखाली आहेत.