शेवटच्या पानावरची नावं

आमच्या मच्छीमार संस्थेने माझ्या वहिनीला फसवलं. आणि ज्या अंकामुळे हे झालं, त्याच्या कामाचा सौदा मीच ठरवून दिला होता.

मुरुडच्या धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलत मी मोठा झालो. आता माझा बर्फाचा कारखाना आहे. घासाघीस करायची असली की संस्था मला पुढे करते. आमचा वार्षिक अंक जुनाट दिसतो, तरुण सभासद तो उघडतही नाहीत, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. म्हणून पनवेलहून एक डिझायनर बाई आल्या. त्यांनी बारा पानांचा रंगीत नमुना दाखवला. मी दोन तास भांडून तो आठ पानांवर आणला.

"मजकूर सगळा बसला पाहिजे," मी बजावलं.

"बसवते," त्या म्हणाल्या.

अंकाचं शेवटचं पान काळ्या चौकटीचं असायचं. त्यात वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं असत. नारळी पौर्णिमेला, नारळ सोडण्याआधी, संस्थेच्या ओट्यावर ते पान मोठ्याने वाचतात. नाव आलं की त्या घरचं कोणीतरी उठून "हाय", म्हणजे 'आहे', म्हणतं. हे वाचन वर्षातून एकदाच होतं, आणि त्यानंतरच त्या घरची होडी पाण्यात जाते.

यंदा माझ्या थोरल्या भावाचं नाव वाचायचं होतं. "भावजी, मीच उठेन," वहिनीने आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं.

कच्ची प्रत माझ्या मोबाईलवर आली तेव्हा मी माझा फोटो पाहिला. बरा आला होता. 'ठीक आहे' असं लिहून पाठवलं, पुढची पानं उघडलीच नाहीत.

पौर्णिमेला सेक्रेटरीने गुळगुळीत अंक हातात घेतला आणि शेवटचं पान काढलं. तिथे हसऱ्या मुलांचा फोटो होता. त्याने अंक पुढे-मागे चाळला, मग मिटला. "नावं कागदावर लिहून वाच," मी ओरडलो. तोवर लोक नारळ घेऊन किनाऱ्याकडे निघाले होते.

वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठायच्या बेतात बसलेली होती.

"वाचलं काय, भावजी?"

"न्हाय."

"मग होडी?"



मी तसाच अध्यक्षांच्या खोलीत शिरलो आणि टेबलावरचा अंकांचा गठ्ठा खाली फेकला. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, पानं तुम्हीच कमी केलीत. आणि मेलेल्यांची यादी नव्या अंकात शोभते का? पण गाळा असं मी सांगितलं नाही. कमिटीला विचारा."

कमिटीतले सहाही जण म्हणाले, आम्ही नाही. बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "शेवटचं पान गाळा, असं संस्थेच्या मेलवरून आलं होतं, सर. खाली नाव नव्हतं."

सगळ्या होड्या गेल्या. भावाची तेवढी वाळूवर, झावळ्यांखाली आहे. वहिनी रोज तिच्याजवळ जाऊन बसते.

आठ पानांचा आणि न वाचता दिलेल्या होकाराचा दोष माझा. तो मी तिच्यासमोर कबूल केला. पण ते पान गाळा, असं ज्याने लिहिलं त्यानेही तिच्यासमोर यावं. तिच्या नवऱ्याचं नाव कोणाच्या डोळ्यांना खुपलं, ते त्याने तिला तोंडाने सांगावं.