पहिलं वाक्य पाठ करून घेणाऱ्या सुलभाताई

सुलभाताई गेल्या हे मला माझ्या लेकीने सांगितलं. कॉलेजातून तिचा फोन आला, "आई, तू आधी बस, मग सांगते." मी बसले... आणि कळलं. इतक्या नीट बातमी द्यायला या पोरीला शिकवलं ते ताईंनीच. आता पाच आठवडे झालेत. रडून झालंय; हल्ली त्यांची आठवण आली की मला हसू येतं, आणि त्यांना तेच आवडलं असतं.

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. नवरा लवकर गेला, त्यामुळे हळदीकुंकवाला त्यांना बोलवावं की नाही यावर बायकांची कुजबुज चालायची. ताईंनी तो प्रश्नच निकालात काढला. संक्रांतीला स्वतःच्या घरी तिळगूळ ठेवला आणि झाडून सगळ्यांना बोलावलं, अगदी माझ्या बिनलग्नाच्या नणंदेलाही. फक्त वाण असंच मिळायचं नाही. एकीने मूल व्हायचं, दुसरीने आई. मुलाने म्हणायचं, "मोबाइलवर एक अनोळखी माणूस माझा फोटो मागतोय," आणि आईने उत्तर द्यायचं. ताईंचं म्हणणं असं, की पोरं त्या माणसाला घाबरतात त्याहून जास्त आपल्या तोंडाला घाबरतात, म्हणून गप्प बसतात. तेव्हा आईचं पहिलं वाक्य पाठच हवं: "बरं झालं सांगितलंस." सोपं वाटतं ना? तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळेबाई पहिल्या फटक्यात पास झाल्या. माझ्या तोंडून निघालं, "मेले, फोन कुणी दिला तुझ्या हातात?" बायका हसून लोळल्या. वाणाची चाळणी ताईंनी परत कपाटात ठेवली. "पुढच्या वर्षी बघूया गो."

पुढचं वर्ष उजाडायच्या आतच ते घडलं. माझी लेक मृण्मयी तेव्हा सहावीत होती. मोबाइलवरच्या खेळात ओळख झालेल्या एका 'मैत्रिणी'ला तिने आपला फोटो पाठवला. मग तिकडून भलतेसलते फोटो मागणं सुरू झालं आणि नाही दिलेस तर पहिला फोटो शाळेत पसरवीन, अशी धमकी आली. हे सांगायला माझी पोर ताईंकडे गेली, माझ्याकडे नाही... ते अजूनही मनाला लागतं. ताईंनी मला खाली बोलावून घेतलं. ऐकून माझं डोकंच फिरलं. मी फोन हिसकावला आणि एकेक मेसेज पुसायला लागले, जणू पुसलं की झालंच नाही. ताईंनी मनगट धरलं. "पुसू नको. पोलिसांक काय दाखवशील? आणि आधी पोरीशी बोल." मी दातओठ खात म्हटलं, "बरं झालं सांगितलंस." रडणारी मृण्मयी फिस्सकन हसली. "आई, शिवी दिल्यासारखं बोलतेयस यार." मग मीच रडले, आणि पुन्हा म्हटलं. या वेळी जमलं. संध्याकाळी ताईंनी माझ्या नवऱ्याकडूनही ते वाक्य घोकून घेतलं आणि त्यालाही आमच्याबरोबर तक्रार द्यायला पिटाळलं. फोटो कुठे पसरला नाही. दुसऱ्या दिवशी ताई चाळणी घेऊन दारात हजर.

त्यांची एक खोड होती. पोर बोलायला लागलं की शेगडीवर काय आहे ते न बघता त्या गॅस बंद करायच्या. त्यांच्याकडचे अर्धकच्चे घावणे आम्ही किती वर्षं मुकाट्याने खाल्ले.

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, सुलभाआजी नाहीत ना आता... तुम्हाला सांगू?" मला, इमारतीतल्या सगळ्यात फटकळ तोंडाच्या बाईला. डाळीला नुकती कुठे उकळी फुटत होती. मी गॅस बंद केला. त्या दिवशी आमच्याकडे सगळे कच्ची आमटी जेवले.